शाल, श्रीफळ आणि सेंटर फॉरवर्ड

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बावीस जण एका चेंडूमागे जीव तोडून धावतात, आणि चेंडू एकदाचा जाळ्यात गेला की कडेला उभा असलेला माणूस झेंडा वर करून सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओततो, एवढंच माझं ज्ञान. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि चमचे मांडून मला ऑफसाइड समजावायचा प्रयत्न कितीदा तरी केला. दर वेळी जेवण गार झालं आणि ऑफसाइड होतं तिथेच राहिलं. तरीही गेल्या मे महिन्यात एका स्ट्रायकरच्या कराराची मी जेवढी काळजी केली, तेवढी माझ्या स्वतःच्या पर्मनंट काँट्रॅक्टचीही केली नव्हती.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळच्या एका लहान शहरात राहतो. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या टेस्टिंगमध्ये मी काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते, आणि नवऱ्याच्या कृपेने कामाची टंचाई कधी पडलेली नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी नवीन राहायला आलंय, हे आम्हाला त्याच्या पार्सलमुळे कळलं. इथे तुम्ही घरी नसलात की कुरिअरवाला तुमचं पार्सल शेजाऱ्याकडे टाकून जातो. डच लोकांशी आमची जी काही ओळखपाळख आहे ती सगळी अशा खोक्यांवरूनच झालेली. संध्याकाळी मी ते खोकं घेऊन समोरची बेल वाजवली. दार उघडलं एका उंचापुऱ्या आफ्रिकन माणसाने. गुडघ्याला पट्टा, दोन्ही काखांत कुबड्या. त्याने कशीबशी एक कुबडी भिंतीला टेकवली, डावा हात पुढे केला, आणि लगेच ओशाळून म्हणाला, "सॉरी आंटी, डावा हात आहे."

मी खोकं हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत या देशात कोणी माझ्याकडे डाव्या हाताची माफी मागितली नव्हती. इथे बेकरीतली बाई डाव्या हाताने ब्रेड देते, सहकारी डाव्या हाताने वाढदिवसाचा केक पुढे करतात, आणि मी हसून घेते आणि मनातल्या मनात त्यांचा हात बदलते. हा माणूस घानाचा. त्याच्याकडेही देणं-घेणं उजव्या हातानेच, आणि नाइलाज झाला तर आधी माफी मागायची. मला तो तिथल्या तिथे आपल्यातला वाटला. फक्त ते 'आंटी' जरा टोचलं. तो तेहेतीस वर्षांचा, मी पंचेचाळिशीची, एवढ्यात आंटी? पण त्यांच्याकडे मान द्यायचा तर असंच म्हणतात असं त्याने सांगितलं, आणि आपल्याकडे तरी दुसरं काय म्हणतात?

नवरा घरी आला तेव्हा मी सांगितलं, समोर एक पाय दुखावलेला मुलगा आलाय. नवऱ्याने नाव विचारलं आणि त्याच्या हातातला चहा सांडला. आमच्या शहराच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या क्लबने नुकताच घेतलेला तो सेंटर फॉरवर्ड होता. नवरा केस विंचरून समोर गेला. स्वतःच्या साखरपुड्यालाही त्याने केस विंचरले नव्हते.

पुढे चतुर्थी आली. मी शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भात केला होता. वास जिन्यापर्यंत गेला असावा, कारण तो कुबड्या टेकत दारात येऊन उभा राहिला आणि विचारू लागला की हे सूप कोणी शिकवलं. घानात दाण्याचं सूप घरोघर होतं. मी ताट वाढलं. पहिला घास घेतल्यावर त्याने चमच्याने आमटी तळापर्यंत ढवळून पाहिली.

"आमच्याकडे यात चिकन असतं," शेवटी म्हणाला.

"आमच्याकडे यात पुण्य असतं," मी म्हटलं.

तेव्हापासून रविवारची दुपार त्याची झाली. एखाद्या रविवारी तो जेवायला यायचा, एखाद्या रविवारी मोठं पातेलं घेऊन यायचा, आणि नवरा त्याला त्याची कारकीर्द विचारत बसायचा. मीही भांडी आवरता आवरता ऐकायचे. समुद्रकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत तो वाढला. वाळूत दोन वल्ही रोवली की गोल तयार. वाळूत धावून धावून पोटऱ्या अशा झाल्या की अकादमीवाल्यांनी आधी पोटऱ्या पाहिल्या आणि मग खेळ. एकोणिसाव्या वर्षी ऐन जानेवारीत तो हॉलंडात उतरला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कारण विमानात गरम होत होतं. पहिलं वर्ष राखीव खेळाडूंच्या बाकावर गेलं. मग उत्तरेकडच्या एका क्लबात एक हंगाम असा आला की पायाला लागेल तो चेंडू जाळ्यात. लगेच तुर्कस्तानातून बोलावणं. तिथे त्याला मागवणाऱ्या प्रशिक्षकालाच दोन महिन्यांत नारळ मिळाला, आणि नव्या माणसाला उंच स्ट्रायकर आवडत नव्हते. मग सायप्रस, मग बेल्जियम, मग गुडघा, आणि आता आमचं गाव.

"म्हणजे आयटीसारखंच," मी म्हटलं. "मॅनेजर बदलला की प्रोजेक्ट गेला."

"फक्त तुमची चूक वीस हजार लोक बघत नाहीत," तो हसून म्हणाला. चुकलेला गोल विसरणं हेच स्ट्रायकरचं खरं काम, असं त्याचं म्हणणं. आधीच्या संधीचं ओझं घेऊन पळणारा पुढच्या चेंडूपाशी उशिरा पोचतो. मला हे ऐकून नवल वाटलं. नवऱ्याने आमच्या लग्नात माझ्या मावशीला काय उत्तर दिलं होतं, ते मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे.

घानात त्याची बायको होती आणि सात वर्षांची मुलगी. गुडघा बरा झाला, तो पुन्हा खेळू लागला, आणि त्याने फ्लॅटमधली मागची खोली पिवळी रंगवली. मुलीला पिवळा आवडतो म्हणे. रंगाचा एक ठिपका त्याच्या भुवईवर आठवडाभर होता. मग छोटा पलंग आला. तो माझ्या नवऱ्याने आणि त्याने मिळून जोडला आणि शेवटी दोन स्क्रू उरले. मी तो खोलला आणि पुन्हा जोडला. उन्हाळ्यात दोघी कायमच्या इकडे यायच्या होत्या. पण एक अट होती. त्याचा करार जूनअखेर संपत होता आणि क्लबने तो वाढवला तरच त्याचा इथे राहण्याचा परवाना वाढणार होता. आम्हीही पहिली काही वर्षं असल्याच परवान्यावर काढलेली. नोकरी गेली की पायाखालची जमीन सरकते हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. शिवाय तो बहुतेक वेळा सामन्याच्या शेवटी थोडा वेळच खेळायचा. दुसऱ्या कुठल्या देशात कोणी घेतलं असतंही, पण मग परत एकटा.

"ती मला फोनवरचा माणूस समजते," एकदा तो म्हणाला. "मागच्या वेळी घरी गेलो, दारात उभा राहिलो, तर तिने आधी आईच्या हातातल्या फोनकडे बघितलं."

तो हे हसत सांगत होता. मला काही हसू आलं नाही.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. आमच्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा पंचांगावर नसतो, तो हॉल मिळेल तेव्हा असतो. त्या वर्षी हॉल एप्रिलच्या शेवटी मिळाला. माझा नवरा मंडळाचा अध्यक्ष, आणि भाषणाची संधी तो स्वप्नातही सोडत नाही. ठरलेल्या पाहुण्यांनी ऐनवेळी येत नसल्याचं कळवलं, तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोरच्या दारात नामवंत खेळाडू राहत असताना पाहुणा शोधायचा कशाला? त्याचाच सत्कार करू! शाल, श्रीफळ आणि मानपत्र!

"अरे, शाल कधी घालतात माणसाला?" मी विचारलं. "साठी झाल्यावर. नाहीतर रिटायर झाल्यावर. त्या मुलाचं अजून सगळं व्हायचंय."

"अगं, सन्मान आहे तो! त्याला आपली संस्कृती दिसेल."

उंटावरच्या शहाण्याला खाली उतरवायला शिडी लागते, आणि माझ्याकडे ती नव्हती. सत्कार झाला. लेझीम झाली, दोन लहान मुलांची भाषणं झाली, मग आमच्या स्ट्रायकरला खुर्चीत बसवून खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि 'प्रदीर्घ आणि देदीप्यमान कारकिर्दीबद्दल' लिहिलेलं मानपत्र वाचलं गेलं. तो अगदी खुशीत होता. नारळ त्याने कानाशी हलवून पाहिला आणि पाणी भरपूर आहे म्हणून मान डोलावली. शाल तर त्याने घरी येईपर्यंत काढली नाही. इथपर्यंत सगळं छान होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे.

नवऱ्याने मग शालीतला तो फोटो गावाच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. आजूबाजूला आमची ज्येष्ठ मंडळी, मागे झेंडूच्या माळा, आणि खाली मोबाइलने करून दिलेलं डच भाषांतर: सुंदर कारकिर्दीबद्दल धन्यवाद.

दुसऱ्या दिवशी मास्ट्रिख्टला शिकणाऱ्या आमच्या मुलीचा फोन आला. ती आमचं मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते.

"आई, व्हॉट हॅव यू गाइज डन?"

इथे क्लब सोडून जाणाऱ्या खेळाडूला मैदानावर फुलं देतात, त्याच्यासाठी कापडी फलक लावतात आणि त्यावर 'धन्यवाद' लिहितात. आपल्याकडे धन्यवाद माइकवाल्याला आणि वडेवाल्यालाही देतात, आभारप्रदर्शनाशिवाय आपला कार्यक्रम संपतच नाही. पण इथल्या चाहत्यांनी तो फोटो बघितला आणि त्यांना एकच अर्थ लागला. हा माणूस निवृत्त झाला, आणि त्याच्या लोकांनी त्याला आफ्रिकेतल्या कुठल्याशा प्रथेप्रमाणे निरोप दिला. आमची ज्येष्ठ मंडळी घानाची कशी वाटली असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक. खाली रडक्या चेहऱ्यांची आणि बदामांची रांग लागली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

नवऱ्याने घाईघाईने खुलासा टाकला की खेळाडू निवृत्त झालेला नाही. त्यावर आणखी बदाम आले. किती नम्र माणूस, असं कोणीतरी लिहिलं.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि सोफ्याच्या कडेला बसला. एजंटचा फोन येऊन गेला होता, आरडाओरडा करणारा. क्लबमधून विचारणा झाली होती की तू आम्हाला न सांगता जाहीर कसं केलंस. त्याने सगळं समजावलं, तेही हसले, पण कराराचं आम्ही हंगाम संपल्यावर बोलू, एवढंच म्हणाले.

"अंकल, मी रागावलो नाही," तो नवऱ्याला म्हणाला. "पण तेहेतिसाव्या वर्षी क्लबला एक निमित्त पुरतं. सगळे टाळ्या वाजवून निरोप देत असतील, तर नको कोण म्हणेल?"

नवरा खाली मान घालून बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन रागाने कणीक तिंबत राहिले. त्या आठवड्यात आमच्या घरी फक्त दुधी शिजला. नवरा निमूट जेवला, म्हणजे त्यालाही लागलं होतं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, एका शुक्रवारी. मी आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेले. मे महिन्यातली लख्ख उजेडाची संध्याकाळ, तळलेल्या बटाट्यांचा वास, आणि समोरच्या गॅलरीत हे एवढं मोठं कापड: त्याचं नाव आणि पुढे 'धन्यवाद'. नवऱ्याने ते पाहिलं आणि टोपी नाकापर्यंत ओढली. सामन्यात कुणाचंच फारसं काही पणाला लागलेलं नव्हतं, दोन्ही संघ गुणतक्त्यात मध्येच कुठेतरी लटकलेले. आमचा स्ट्रायकर बाकावर बसून होता. अर्ध्या तासाचा खेळ उरला तेव्हा लोक त्याच्या नावाने ओरडू लागले आणि थांबेचनात. शेवटी प्रशिक्षकाने त्याला उतरवलं. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी उठले नाही. उभं राहिलं की निरोप मान्य केल्यासारखं होईल, असं मला वाटलं.

थोड्या वेळाने आपल्याला पेनल्टी मिळाली. ती म्हणजे काय हे मला कळतं. एक माणूस, एक गोलकीपर, भानगड नाही. नेहमी पेनल्टी घेणारा कर्णधार चेंडू उचलून आमच्या स्ट्रायकरकडे आला आणि त्याच्या हातात देऊ लागला. गॅलरी वेडी झाली. निरोपाचा गोल!

नवरा माझा दंड दाबून म्हणाला, "घे, घे रे बाबा, घे!" गोल झाला तर आकड्यांत दिसतो, क्लबला दिसतो, कराराच्या वेळी उपयोगी पडतो, हे मलासुद्धा कळत होतं.

त्याने मान हलवली. चेंडू परत कर्णधाराच्या छातीशी लावला, काहीतरी बोलला, आणि लांब जाऊन उभा राहिला. कर्णधाराने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग वळून गोल मारला. काय म्हणालास, असं मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला होता, "जाणाऱ्याला देतोयस. मी जाणारा नाही."

मग तो जो धावला! मला फुटबॉल कळत नाही, पण धावणं कळतं. सगळ्यांना घरी जायची घाई झालेली आणि हा एकटा असा पळत होता की जणू सामना आत्ताच सुरू झालाय. मागे जाऊन चेंडू काढून घेत होता, पडत होता, उठत होता. अगदी शेवटी त्याने मैदानाच्या मध्यावरून चेंडू नेला, दोघांना चकवलं आणि मारला तो खांबावर. धाडकन आवाज झाला. सगळं स्टेडियम हळहळलं. मी उभी राहून मराठीत ओरडत होते, आणि काय ओरडत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने वळूनही पाहिलं नाही, तो मागे पळायला लागला होता.

सामना संपल्यावर फुलांचा गुच्छ आला, माइक आला. निवेदकाने निरोपाचं काही भावूक सांगून माइक त्याच्यापुढे धरला. तो घाम पुसत डचमध्ये म्हणाला, "मी कुठेही चाललेलो नाही. निदान मला तरी अजून कोणी तसं सांगितलेलं नाही."

सगळे हसले. प्रशिक्षकही हसला, ते मी नीट पाहून ठेवलं. मग तो गुच्छ घेऊन थेट आमच्या गॅलरीच्या कठड्यापाशी आला आणि त्याने तो माझ्या नवऱ्याच्या हातात दिला.

"अंकल, सुरुवात तुम्ही केलीत. आता फुलंही तुमचीच."

लोकांना काय वाटलं कोण जाणे, पण सगळ्या गॅलरीने माझ्या नवऱ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या एका आजोबांनी त्याचा हात हातात घेऊन इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले. नवऱ्याने तेही मनापासून स्वीकारले. या माणसाला काय म्हणावं!

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी देव पाण्यात घालून बसले, असं म्हणायची पद्धत आहे. मी आपली ऑफिसात बसून यंत्रांच्या चुका काढत राहिले आणि दर थोड्या वेळाने फोन बघत राहिले. पिवळ्या खोलीचं दार तो बंद ठेवू लागला होता. रविवारी जेवायला आला, पण कारकिर्दीबद्दल नवऱ्याने काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही.

मग एका बुधवारी दुपारी बेल वाजली. मी घरूनच काम करत होते. दार उघडलं तर तो उभा, हातातली टोपी गोल गोल फिरवत. मला असल्या वेळी धीर धरवत नाही.

"काय ते बोल एकदाचं!" मी खेकसलेच.

तो म्हणाला, "आंटी, चर्चच्या मागची ती शाळा आहे ना, लाल घसरगुंडीची... तिथे डच न येणाऱ्या मुलांना घेतात का? ऑगस्टपासून?"

मला एकदम रडू फुटलं. दारातच, ऑफिसची मीटिंग आत चालू ठेवून मी रडले, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. एका वर्षाचाच करार होता, पण होता. मी सायकलची किल्ली घेतली आणि म्हटलं, चल, आत्ताच विचारून येऊ.

बुधवारी दुपारी इथल्या शाळा बंद असतात हे इतकी वर्षं इथे मूल वाढवलेल्या बाईला ठाऊक असायला हवं होतं. फाटकाला कुलूप होतं. पण आलोच होतो, म्हणून कुंपणापाशी थांबलो. त्याने फोन लावला, बायकोशी बोलला, मग मुलीला बोलावलं आणि गजांतून फोन आत घालून तिला मैदान दाखवलं, वाळूचा चौकोन दाखवला, ती लाल घसरगुंडी दाखवली. पलीकडून तिने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्याने फोन जरा खाली घेतला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"उंच आहे म्हणते," तो म्हणाला. "मी खाली येऊन उभा राहीन का, विचारते."

आणि त्याने फोन तोंडाजवळ नेऊन तिला हो म्हटलं.